पाचवा जिन्नस

रविवारी सकाळी चहा झाला की आमच्याकडे एक फोन यायचा. तो बायको उचलत नसे, मुलगाही उचलत नसे. तो फोन माझा. पलीकडून नमस्कार नाही, तब्येतीची चौकशी नाही, एकदम एक इंग्रजी शब्द यायचा. "‘ऑरेंज’चं गाव कुठलं, सांग." मग मी माझ्या स्वभावाप्रमाणे ताबडतोब आणि मोठ्या आत्मविश्वासाने काहीतरी चुकीचं सांगायचो, पलीकडून एक समाधानी ‘हं’ ऐकू यायचं, आणि श्रीधर साळवीचा रविवार सुरू व्हायचा. कितीतरी वर्षं हे असं चाललं होतं. महिन्यापूर्वीच्या रविवारी फोन जरा लवकर वाजला. मी उचलला आणि म्हणालो, "बोला सर, आज कुणाचं गाव?"  पलीकडून श्रीधरच्या बायकोचा, सुशीलावहिनींचा आवाज आला. "भावोजी, आज शब्द नाही."

माणूस किती मंद असावा याला काही सुमार असतो, पण तो मला लागू नाही. मी हसून विचारलं, "का हो, संपले की काय?"... वहिनी म्हणाल्या, "पहाटे झोपेतच गेले. कुणाला उठवलं नाही." माझ्या हातात चहाचा कप होता. तो मी कुठे ठेवला ते अजून आठवत नाही. दोन दिवसांनी तो बायकोला देवघरात सापडला.

शोकसभेत श्रीधरबद्दल लोक चांगलं बोलले. व्यासंगी होता, विद्यार्थिप्रिय होता, साधा होता. सगळं खरं आहे. पण मला तिथे बसल्याबसल्या एक चिनी मातीची बरणी आठवत होती आणि हसू आवरत नव्हतं. शेजारच्यांना वाटलं मला हुंदका आला. त्यांनी पाठीवरून हात फिरवला, मीही फिरवू दिला. ती बरणी सांगितल्याशिवाय माझ्या मित्राबद्दल मला काही सांगता येणार नाही, म्हणून हा लेख.

पन्नासच्या दशकात मी महाडच्या एका हायस्कुलात शास्त्र शिकवायला पुण्याहून आलो, तेव्हा श्रीधर तिथे इंग्रजी शिकवत होता. आम्ही दोघे सडेफटिंग. बाजारपेठेत हमीदभाईंचा सोडा-लेमनचा कारखाना होता, त्याच्या माडीवर आम्ही एक खोली घेतली. खाली दिवसभर बाटल्या भरल्या जायच्या आणि मधूनच एखादी फुटायची. पहिल्या दिवशी मी त्या आवाजाने कॉटखाली गेलो होतो. श्रीधर पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाला, "बाहेर ये. इंग्रज गेले."

तो मूळचा कुडपणचा. पोलादपूर तालुक्यातल्या डोंगरावरचं पठार, वर नाचणी, वरी आणि पाऊस. अशा ठिकाणच्या माणसाला इंग्रजीचा नाद कसा लागला, तर बिस्किटाच्या डब्यामुळे. महाबळेश्वरला जाणाऱ्या साहेबांच्या मोटारी आंबेनळीच्या चढावर तापायच्या आणि वाफा सोडत उभ्या राहायच्या. अशाच एका मोटारीला त्याच्या वडिलांनी पाणी आणून दिलं, तेव्हा आतल्या मडमेने एक रिकामा डबा दिला. घरात त्यात मीठ ठेवलं जायचं. डब्यावर काय लिहिलंय ते घरात कुणालाच वाचता येईना. श्रीधर म्हणायचा, "रोज मीठ घेताना ती अक्षरं माझ्याकडे बघायची. म्हटलं, पावणे घरात येऊन राहिलेत आणि आपण त्यांचं नावगाव विचारलं नाय, हे काय बरं नाय." उत्साहात आला की त्याच्या पुस्तकी मराठीत कुडपण उतरायचं. शब्दाचं ‘गाव’ विचारणं हे तेव्हापासूनचं.

आता माझा पराक्रम. एकदा श्रीधर तापाने पडला आणि त्याचा नववीचा तास माझ्याकडे आला. धड्यात ‘पंच’ हा शब्द होता. वर्गाने विचारलं, "सर, ठोसा म्हणजे पंच, कंडक्टर तिकिटाला भोक पाडतो तोही पंच, विलायतेत बाहुल्यांच्या खेळातला नाकाड्या विदूषक असतो तो पंच, आणि साहेब लोक पितात तोही पंच. हे कसं काय?" मला म्हणता आलं असतं की साळवी सरांना विचारा. पण शास्त्राच्या शिक्षकाला ‘माहीत नाही’ म्हणायची सवय नसते. मी खडू उचलला. म्हटलं, सोपं आहे. सगळ्याच्या मुळाशी आपला ‘पंच’ आहे, म्हणजे पाच. पाच बोटं मिटली की ठोसा झाला. कंडक्टरचं हत्यार पाची बोटांनी दाबावं लागतं. बाहुलीच्या आत पाच बोटं घालून ती नाचवतात. आणि पेय पाच घोटांत संपतं. वर्ग थक्क झाला. खरं सांगायचं तर मीही झालो. खोलीवर येऊन श्रीधरला सांगितलं, तर तो तापातून उठून बसला.

"पाच घोटांत?"

"साधारण."

"आणि ‘ग्लास’ म्हणजे चष्मापण. तो कितीत संपतो?" असं म्हणून तो पुन्हा आडवा झाला. पण त्याला झोप लागेना. माझी गंमत अशी होती की चारांतला एक धागा कदाचित खरा होता, आणि कुठला ते त्यालाही नक्की माहीत नव्हतं. शाळेतला कोश अपुरा पडला. दिवाळीच्या सुट्टीत लोक घरी गेले. हा मुंबईला जाऊन एका ग्रंथालयात जाडजूड कोशांपुढे बसला आणि सुट्टी संपल्यावर आनंदाने वाळून परत आला.

मग त्याने नववीला जे सांगितलं ते मी मागच्या बाकावर बसून ऐकलं. तो म्हणाला, "पोलादपूरच्या एसटीतून चार माणसं उतरली. चौघांचं नाव गणपत. म्हणून ती भाऊ होतात काय? गाव विचारलं पायजे." ठोसा आणि कंडक्टरचं हत्यार हे दोघे एकाच घरातले. लॅटिनमध्ये टोचणे अशा अर्थाचा शब्द आहे, त्याच्या वंशातले, फ्रान्सवरून आलेले. नाकाड्या विदूषक इटलीचा. त्याचं मूळ नाव लांबलचक, आणि काही लोक म्हणतात ते कोंबडीच्या पिल्लावरून आलं, कारण त्याचं नाक चोचीसारखं. त्याचा या दोघांशी संबंध नाही. आणि चौथा, पेयाचा... इथे श्रीधर थांबला आणि त्याच्या चेहऱ्यावर मडमेच्या डब्याचं तेज आलं. चौथा गणपत आपल्याकडचा. जुने गोरे व्यापारी आपल्या किनाऱ्यावर उतरले तेव्हा त्यांना इथे एक पेय मिळालं. दारू, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला. जिन्नस पाच, म्हणून नाव पंच. ते नाव गलबतात बसून विलायतेला गेलं आणि तिथलंच होऊन राहिलं. मी मागून म्हणालो, "म्हणजे मी पाव बरोबर होतो." तो म्हणाला, "बंद पडलेलं घड्याळसुद्धा दिवसातून दोनदा बरोबर असतं."

या शब्दावर पुढे त्याचं लग्न अडणार आहे, हे तेव्हा आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

सुशीला सकपाळ सातवीची फायनल पास होऊन पोलादपूरच्या शाळेत पहिलीचा वर्ग घेत होती. कुडपणला जाता-येता श्रीधर पोलादपूरला गाडी बदलायचा. स्टँडवर एकदा तिने त्याला विचारलं होतं, "इंग्रजीचे सर ना तुम्ही? ‘पेन्सिल’ला मराठीत शब्द नाही, तो त्यांचा कुठला?" त्याने तिला सांगितलं की पेन्सिल म्हणजे मुळात बारकी शेपटी. रोमन लोकांचे कुंचले केसांचे असायचे, म्हणून. ती इतकी हसली की त्याची गाडी चुकली. तेवढ्या एका शेपटीवर प्रकरण मागणी घालण्यापर्यंत गेलं.

अडचण होती तिच्या वडिलांची. आप्पा सकपाळ खाऊनपिऊन सुखी शेतकरी, पण अंगावर खादी आणि गावात दरारा. बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात गेलेले. दारूबंदीचे तर एवढे कडवे की तालुक्यात हातभट्टीचा धूर निघाला की पोलिसांच्या आधी आप्पांची काठी पोचायची. श्रीधर मला सोबतीला घेऊन त्यांच्याकडे गेला. आप्पा ओटीवर सुपारी कातरत बसले होते.

"काय शिकवता?"

"इंग्रजी."

"अजून?"

"अजून म्हणजे?"

"म्हंजे इंग्रज गेलं, आन् तुमी अजून शिकवताय?"

मी हसलो. आप्पांनी माझ्याकडे पाहिल्यावर ते हसणं मी खोकल्यात बदललं. मग ते श्रीधरला शांतपणे म्हणाले, "मास्तर, तुमी माणूस बरं दिसता. घर म्हाईत हाय. पोरीच्या मनात काय हाय तेबी मला दिसतंय, मी आंधळा नाय. पन मला ज्या भाषेत शिक्षा वाचून दाखवली, ती जावयाच्या तोंडात नको. हिशेब शिकवा, इतिहास शिकवा. उद्याच्या उद्या पोर देतो."

परतीच्या एसटीत श्रीधर खिडकीशी बसला होता. मी म्हटलं, "हेडमास्तरांना सांग. ते तुला इतिहास देतील." तो म्हणाला, "देतील." पुढे कशेडीकडून आलेला एक ट्रक गेला, सावित्रीवरचा पूल गेला, बरंच काही गेलं. मग म्हणाला, "पण मग पोर मागायला गेला होता तो कोण होता?" या प्रश्नाला शास्त्रात उत्तर नाही.  

पुढच्या शनिवारी तो एकटाच आप्पांकडे गेला आणि सांगून आला, मला दुसरं काही शिकवता येणार नाही. आप्पांना राग आला नाही. कदाचित बरंही वाटलं असेल. त्यांच्या भावकीत अशी रीत होती की कुठलीही सोयरीक पाच वडीलधाऱ्यांपुढे बोलून पक्की करायची. पाच जण ऐकणार, प्रश्न विचारणार, पटलं तर तिथल्या तिथे सुपारी फुटणार, नाही पटलं तर तो विषय त्या ओटीवर पुन्हा निघायचा नाही. आप्पा म्हणाले, "या पाच जनांपुढं. त्या भाषेत आमचं काय हाय ते दाखवा. पटलं तर ठीक. नाय पटलं तर पुन्यांदा हितं यायचं नाय." म्हणजे सगळं एका बैठकीवर आलं. पोर मिळेल किंवा तिच्या दाराकडे पुन्हा बघायचं नाही.

श्रीधर खोलीवर आला तो उजळून. "पाच माणसं बसणार. त्यांच्यापुढं पाच जिन्नसांचं पेय ठेवायचं आणि सांगायचं, इंग्रजाच्या तोंडात हे नाव आपण घातलंय. तुमच्या पाचांचं नाव." कल्पना झकास होती. फक्त पाच जिन्नसांतला पहिला दारू होता. मुंबई राज्यात दारूबंदी, आणि ऐकणारे आप्पा. श्रीधर म्हणाला, त्या जागी कोकम घालू. बाकीचे चार जसेच्या तसे. आणि मिश्रण करायचं काम त्याने विश्वासाने माझ्यावर सोपवलं, कारण मी शास्त्र शिकवत होतो. माणसं शास्त्राबद्दल इतकी भाबडी का असतात, कळत नाही.

हमीदभाईंनी आपली मोठी चिनी मातीची बरणी दिली, पाण्याच्या जागी सोडा दिला, आणि लग्न ठरलं तर वऱ्हाडाला लेमन फुकट, असंही सांगितलं. श्रीधर वर्गावर गेला होता. मी लिंबं पिळली, साखर घातली, सुंठ आणि जायफळ घातलं, कोकम घातलं, आणि चव घेतली. सरबत. चांगलं सरबत, पण सरबतच. मला वाटलं, हे प्यायला गलबतं घेऊन कोण येईल? काहीतरी ठसका पाहिजे, अर्क पाहिजे. तेवढ्यात माझं लक्ष फळीवरच्या द्राक्षासवाच्या बाटल्यांकडे गेलं. महाड-पोलादपुरात ज्यांचंच औषध चालायचं त्या वैद्यबुवांनी ते माझ्या अशक्तपणावर दिलं होतं. द्राक्षासव आंबवलेलं असतं हे मला माहीत होतं, मी दहावीला आंबवण्याची क्रिया आकृतीसकट शिकवत होतो. पण ते औषध. बाळंतिणी घेतात, म्हातारे घेतात, कायद्यालाही चालतं. दारूबंदीही पाळली जाईल आणि इतिहासही खरा राहील, असा दुहेरी शोध लावल्याच्या आनंदात मी कोकम ओतून टाकून नवं मिश्रण केलं आणि फळीवर होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या बाटल्या त्यात रिकाम्या केल्या. श्रीधरला सांगितलं नाही. म्हटलं, यशस्वी झाल्यावर सांगू.

एसटीत बरणी माझ्या मांडीवर होती. सोडा, साखर आणि महाड-पोलादपूरचा तेव्हाचा रस्ता... तिघांनी मिळून बरणीत काय चालवलं होतं ते मला मांडीला कळत होतं. दर खड्ड्याला तोंडावरचं फडकं फुगायचं. शेजारची म्हातारी म्हणाली, "रे बाबा, त्यात जित्तं काय हाय?" कंडक्टरने तिकिटाला भोक पाडता पाडता बरणीकडे पाहिलं आणि माझ्यापासून एक सीट लांब उभा राहिला. श्रीधर खिडकीशी डोळे मिटून पाठ केलेलं म्हणत होता. त्याचे ओठ हलत होते, परीक्षेला बसलेल्यासारखे.

आप्पांच्या ओटीवर घोंगडी अंथरली होती. पाच जण बसले होते, मधे आप्पा, एका टोकाला धोंडूआजा. धोंडूआजा भावकीत सगळ्यांत म्हातारे, दात नाहीत, पण कान शाबूत. दाराआड बांगड्या वाजल्या, म्हणजे सुशीला तिथे होती. श्रीधरने पाच पेले मांडले आणि बोलायला लागला. मी त्याला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. गणपतांची गोष्ट सांगितली, तसे म्हातारे हसायला लागले, कारण त्या पाचांतच दोन गणपत होते. "आमचं गाव इचारा, मास्तर," एक गणपत म्हणाला, "हा माजा भाव नाय, हे पैलं लिवून घ्या." मग गलबतं आली, किनाऱ्यावर उतरलेले तहानलेले गोरे आले, आणि मी पेले भरले.

पहिला घोट आप्पांनी घेतला. भुवया वर गेल्या. "बरं लागतंय रे." दुसऱ्या गणपताने पेला पुढे केला. मी भरला. आप्पांनीही केला. मी तोही भरला. श्रीधर म्हणाला, "तर आप्पा, ज्यांनी तुम्हाला शिक्षा वाचून दाखवली, त्यांच्या पंगतीत हे ठेवल्याशिवाय मेजवानी व्हायची नाही, आणि त्याचं नाव तुम्हा पाचांचं आहे." आप्पांची मान हलली. आम्ही जिंकलो होतो. मला दाराआडून एक सुटलेला श्वाससुद्धा ऐकू आला.

आणि धोंडूआजा पेला नाकाशी धरून, डोळे मिटून, फार मायेने म्हणाले, "आप्पा... जुनी वळख लागली रे."

मला एकदम बरणीतले बुडबुडे ऐकू यायला लागले. आप्पांनी पेला खाली ठेवला. "मास्तर, यात काय हाय?"

श्रीधरने पेला हुंगला. मग माझ्याकडे पाहिलं. मी नजरेनेच त्याला सांगत होतो, कोकम म्हण, कोकम म्हण. त्याला समजलं. तीन वर्षं एका खोलीत काढल्यावर माणसाला दुसऱ्याची नजर वाचता येते. तो म्हणाला, "आप्पा, यात द्राक्षासव आहे. मला माहीत नव्हतं, पण बरणी मी आणली, तेव्हा जबाबदारी माझी." मी उठून म्हणणार होतो की मी घातलंय, पण तसं सांगायची गरजच नव्हती. माझा चेहरा पाहून पाचही जणांना ते कळलं होतं. इथे कुठलाही शहाणा माणूस थांबला असता. श्रीधर थांबला नाही. "आणि आप्पा, सांगायचंच तर सगळं सांगतो. हा शब्द पाचावरून आला असं पुष्कळ जण मानतात. मीही मानतो. पण काही जाणकारांना ते पटत नाही. दारूच्या पिंपाला त्यांच्यात जवळपास असंच नाव आहे, खलाशी त्यावरून म्हणायला लागले असतील, असं त्यांचं म्हणणं. मघाशी तुम्हाला आवडलं म्हणून मी ते गाळलं. ते बरोबर नाय झालं."

मी मनातल्या मनात हमीदभाईंचं फुकट लेमन परत करून टाकलं.

आप्पा उठले. काठी भिंतीला टेकलेली होती, तिकडे त्यांचा हात गेला असं मला वाटलं. माझ्या आठवणीत तो अजूनही तिकडेच जातो. तेवढ्यात आतून आवाज आला. हळू, पण अगदी स्वच्छ.

"आप्पा, तुमच्या खोलीतल्या फळीवर तीच बाटली आहे. रोज जेवल्यावर दोन चमचे घेता ती."

"ते औषध हाय," आप्पा तिकडे न बघता म्हणाले.

"मग हेपण औषधच. त्याच वैद्यबुवांचं."

पहिले हसले ते धोंडूआजा. बिनदाताचं, आवाज नसलेलं, सगळं अंग हलवणारं हसणं. मग दोन्ही गणपत. "वरीसभर घेतोय आप्पा," त्यातला एक म्हणाला, "आन् आमच्या मडक्यांवर काठ्या." आप्पा खूप वेळ उभे होते. मग खाली बसले. मी आजवर अनेक माणसं बसताना पाहिली आहेत. पण हरून, तरी हलकं होऊन बसलेला माणूस मी तेवढाच पाहिला. त्यांनी श्रीधरला विचारलं, "कोकम म्हनला असतास तर मला काय कळनार हुतं?"

"नाय कळलं असतं."

"आन् त्या पिंपाचं तर कोनी इचारलंबी नव्हतं."

"नाय."

आप्पा इतर चौघांकडे वळले. "मला तुरुंगात घातलं त्या दिवशी कोर्टात चार मान्सं इंग्रजीत खोटं बोलली. मला वाटायचं, ती भाषाच तशी." त्यांनी अडकित्ता उचलला. धोंडूआजा म्हणाले, "फोड रे लवकर. आन् त्या सायन्स मास्तराला सांग, बरनीत उरलंय काय बघ."

सुपारी फुटली. लग्नात कोकम होतं, कारण मला मांडवाच्या स्वयंपाकापासून लांब ठेवण्यात आलं होतं. आप्पांनी द्राक्षासव सोडलं की नाही ते मला माहीत नाही, पण त्यानंतर तालुक्यात त्यांची काठी जरा हळू चालायची असं म्हणतात. त्यांना नवीन खोड लागली. रविवारी जावई आला की ओटीवर बसवून घ्यायचं आणि एक शब्द विचारायचा. पहिल्या रविवारी त्यांनी विचारलेला शब्द होता ‘जेल’. श्रीधरने सांगितलं, तो लॅटिनमधून आला, मूळचा अर्थ पिंजरा. आप्पा म्हणाले, "बराबर हाय." आणि मग दोघांनी बराच वेळ पावसाकडे बघत सुपारी खाल्ली.

श्रीधरने पोलादपूरला थाटलेल्या घरात आणखी एक चाल पडली. कोणी कितीही जण या, पेले पाचच मांडायचे. एकटा आलो तरी माझ्यापुढे पाच. वहिनी कुरकुरायच्या, "घासायला मला लागतात," पण मांडायच्या त्याच. हमीदभाईंनी ती बरणी परत घेतली नाही. तिच्यात लिंबाचं लोणचं मुरायला लागलं आणि दर वर्षी मला त्यातलं मिळायचं. "तुमच्या हातचं नाही," एवढं वहिनी आवर्जून सांगायच्या.

पुढे मी पुण्याला बदलून गेलो. त्याच्या आधी एकदा आम्ही मुलांची सहल घेऊन रायगडावर गेलो होतो. हिरकणीवाडीत भाकरी खाऊन वर चढलो. वर पाण्याचं टाकं दिसताच मी मुलांना जाहीर केलं की इंग्रजीतला ‘टँक’ इथूनच गेला. श्रीधर टाक्यात वाकून बघत म्हणाला, "गेला असेल. नाहीतर पोर्तुगीजांचं असेल. नाहीतर दोघांचं पाणी एकत्र झालं असेल. नीट बघायला पायजे." ते बघायचं राहिलं. मग आप्पा गेले, आणि त्यांच्यानंतरच्या पहिल्याच रविवारी माझा फोन वाजला. "आज विचारायला कोण नाय," श्रीधर म्हणाला, "म्हणून मीच विचारतो." तेव्हापासून तो रविवार माझा झाला.

परवाच्या रविवारी फोन वाजला. घरात कुणी हलेना. मी उचलला, आणि या वेळी तोंड बंद ठेवलं.

"भावोजी," वहिनी म्हणाल्या, "‘टँक’चं गाव कुठलं?"

मी म्हटलं, "आपलं टाकं. त्यात काय शोधायचं?"

पलीकडून ‘हं’ आलं. अगदी तसंच. "हे म्हणायचे, तुम्ही आधी चुकीचं सांगता आणि मग कोश उघडता. उघडा. मी थांबते."

मी फोन टेबलावर उताणा ठेवला आणि चष्मा शोधायला लागलो. तो कपाळावर होता, हे कळायला वेळ गेला. कोश काढला, पानं उलटायला लागलो. फोनमधून पोलादपूरच्या स्वयंपाकघरातले आवाज येत होते. बरणीचं झाकण सरकलं, मग काचेचे पेले एकामागून एक टेबलावर टेकले. मी ते मोजले नाहीत.